शिरोरेषा पायरीसारखी तुटते: घरी बांधलेल्या सीएनसी राउटरचं शून्य का सरकतं?

गेल्या पावसाळ्यात घरी बांधलेल्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनवर, एका ओळखीच्यांच्या दारासाठी सागवानी पाटी कोरायला घेतली. पाच अक्षरांचं आडनाव, वर सलग शिरोरेषा, खोली चार मिलिमीटर, तीही एकेक मिलिमीटर करत चार फेऱ्यांत. पहिली दोन अक्षरं बरी उतरली. तिसऱ्यापासून शिरोरेषा खाली जायला लागली. प्रत्येक अक्षराच्या जोडावर बारीकशी पायरी, आणि पाचव्या अक्षराशी पोचेपर्यंत सगळं मिळून जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक. बोट फिरवलं की प्रत्येक जोडावर नख अडकत होतं. सुटी अक्षरं असती तर एवढा फरक लांबून कुणाच्या लक्षातही आला नसता, पण देवनागरीत शिरोरेषेमुळे मशीनची चूक पाटीवरच मोजून मिळते.

ज्यांनी ज्यांनी घरी राउटर बांधला आहे त्यांना हा आजार कधी ना कधी भेटतोच. काम सुरू करताना शून्य, म्हणजे मशीन जिथून अंतर मोजतं तो बिंदू, बरोबर असतं, संपताना नसतं. मग आपण वेग कमी करतो, करंट वाढवतो, कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) बदलतो, केबल बदलतो. मीही तीन आठवडे हेच केलं आणि दीड मिलिमीटर जागच्या जागी राहिला. शेवटी कारण सापडलं ते एका सेटिंगमध्ये. ते सेटिंग सांगतोच, पण त्याआधी तिथवर कसं पोचायचं ते सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण तुमच्या मशीनचं कारण वेगळं असू शकतं.

माझी जुळणी अशी आहे. ६०० बाय ४०० मिमीचं काम होईल एवढी ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट, वाय अक्षावर सरकणारा बेड, १६ मिमी व्यासाचे आणि ५ मिमी पिचचे (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारे) बॉलस्क्रू, नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटर, त्यांना चालवणारे टीबी६६०० ड्रायव्हर, ३६ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा) आणि आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर मशीन चालवणारा जीआरबीएल १.१ हा प्रोग्राम. ड्रायव्हर १/८ मायक्रोस्टेपवर आहेत, म्हणजे मोटरच्या प्रत्येक स्टेपचे आठ तुकडे करतात. मोटरचा एक फेरा २०० स्टेपचा, आठने गुणले की १६००, त्याला ५ मिमीने भागलं की मिलिमीटरला ३२० स्टेप. हा ३२० चा आकडा पुढे कामाला येणार आहे.

आधी शून्याला परत आणून बघा

स्टेपर मोटरच्या अशा मशीनला आपण कुठे आहोत हे कळत नाही. जीआरबीएल फक्त पाठवलेल्या पल्स (एका स्टेपला विजेचा एक ठोका) मोजतो. मोटर हलली की नाही, उलटी हलली की काय, हे त्याला सांगणारं कुणी नाही. त्यामुळे स्क्रीनवर शून्य दिसतं आणि बिट (कोरणारं पातं) दीड मिलिमीटर लांब उभा असतो.

म्हणून पहिली तपासणी एकच. काम सुरू करायच्या आधी बेडवर आणि चौकटीवर समोरासमोर पेन्सिलीची बारीक रेघ मारा, काम संपल्यावर एक्स आणि वाय शून्यावर परत आणा आणि रेघा जुळतात का ते बघा. जुळत असतील आणि तरी कोरीव काम बिघडलं असेल तर मशीनने स्टेप गमावलेले नाहीत. मग जॉब क्लँपमधून हलला असेल, बिट वाकत असेल, नाहीतर टूलपाथमध्ये (बिटने कुठून कुठे जायचं त्या आखणीत) गडबड असेल. रेघा जुळत नसतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

माझ्या रेघा जुळत नव्हत्या.

चूक कशाच्या मागे जाते ते शोधा

शेजारी एक लेथवाले काका आहेत, उद्यमनगरात आयुष्य काढलेले. कोल्हापुरात मशीनचं काही अडलं की अशी माणसं हाकेच्या अंतरावर मिळतात, हे आपलं भाग्य. त्यांना पाटी दाखवली. ते म्हणाले, "डोळ्यानं काय मोजतोस? डायल लाव की." आणि त्यांनी स्वतःचा डायल इंडिकेटर आणि मॅग्नेटिक स्टँड दिला. ॲल्युमिनियमला मॅग्नेट धरत नाही, म्हणून चौकटीवर लोखंडी पट्टी बोल्टने आवळली आणि तिच्यावर स्टँड बसवला. डायलची टोकणी बेडच्या कडेला टेकवली. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

डायल लावल्यावर मी अंदाज बांधणं थांबवलं आणि एकाच प्रश्नाला धरून बसलो: ही चूक कशाबरोबर वाढते?

अंतराबरोबर वाढत असेल, म्हणजे १०० मिमीला एक मिलिमीटर आणि २०० मिमीला दोन, तर जीआरबीएलच्या सेटिंगमधल्या $१००, $१०१, $१०२ या ओळींतला मिलिमीटरला किती स्टेप हा आकडा चुकलाय किंवा ड्रायव्हरवरचे मायक्रोस्टेपचे स्विच वेगळे लागलेत. पण अशा चुकीत मशीन शून्याला परत बरोबर येतं. जाताना जेवढं कमी जातं, येतानाही तेवढंच कमी येतं. बरेच जण व्हर्निअरने मोजून ३२० चं ३२१.७ करत बसतात. बॉलस्क्रूवर हे करू नका. तिथे आकडा हिशोबाने येतो, आणि मोजलेला फरक बहुतेक वेळा बॅकलॅशचा किंवा आपल्या मोजण्याचा असतो. बेल्टवर मात्र थोडा फेरबदल चालतो, कारण ताणाप्रमाणे बेल्ट जरासा लांबतो. जीटी२ बेल्ट आणि २० दातांची पुली असेल तर एका फेऱ्याला ४० मिमी, म्हणजे १/८ वर मिलिमीटरला ४० स्टेप.

दिशा बदलताना ठरावीक फट पडते, पण ती साठत जात नाही, तो बॅकलॅश. शंभर वेळा पुढेमागे करा, फट तेवढीच. त्याची खूण गोलात दिसते: वर्तुळ चार ठिकाणी चपटं होतं. आधी कपलिंगचे ग्रब स्क्रू बघा, मग बॉलस्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगचा नट, मग बॉलनट. साध्या टी८ स्क्रूवर स्प्रिंगचा दुहेरी नट लावावा लागतो. जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय नाही, म्हणून तो पान्यानेच काढावा लागतो.

एकदम उडी मारून शून्य सरकत असेल, आणि त्या क्षणी मोटर कर्रर्र करून ओरडत असेल, तर ती अडकतेय. प्रवेग जास्त, वेग जास्त, रेल समांतर नाहीत, किंवा बिट लाकडात जास्त खोल. एसएमपीएस बंद करून अक्ष हाताने पूर्ण लांबीभर फिरवा. कुठेतरी जड लागलं तर तिथेच दोष आहे, ड्रायव्हरकडे बघूच नका. अशा वेळी $१२० ते $१२२ मधला प्रवेग निम्म्यावर आणून पाहिला की लगेच कळतं.

वीस-तीस मिनिटांनी चूक सुरू होत असेल तर उष्णता. मोटर हाताला चटका बसेल एवढी तापणं नेमा मोटरला नवीन नाही, पण ड्रायव्हर तापून क्षणभर बंद पडला तर तेवढे स्टेप गेले. पंखा लावा, करंट मोटरवर लिहिल्याएवढाच ठेवा.

आणि फक्त स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) सुरू असतानाच होत असेल तर ते विजेचं आहे. त्यावर पुढे लिहितो, कारण तो वेगळाच त्रास आहे.

माझ्या मशीनवर यातलं काहीच बसत नव्हतं. एफ ३०० ने (मिनिटाला ३०० मिमी) चालवलं तरी दीड मिलिमीटर, एफ १५०० ने चालवलं तरी तेवढाच. मग झेड वर उचलून, स्पिंडल बंद ठेवून, तोच टूलपाथ हवेत चालवला. तरीही दीड मिलिमीटर! लाकूड नाही, ताण नाही, स्पिंडल नाही, मोटर थंड. हवेत चालवून बघणं ही तपासणी मी पहिल्या दिवशी केली असती तर केबल आणि कपलिंगचे पैसे वाचले असते. तुम्ही ती सर्वात आधी करा.

हवेत चालवताना बेडकडे बघत बसलो होतो आणि लक्षात आलं की अक्षरं खोदताना बेड सारखा पुढेमागे, पुढेमागे होतोय. अक्षराच्या आतली माती उपसावी तशी छोट्या छोट्या रेघांनी खोदाई चाललेली. एवढी वळणं चौकोनी पाटीची नुसती कड कापताना नसतात, आणि कड कापताना शून्य कधीच सरकलं नव्हतं.

दोन छोट्या चाचण्या

मग दोन फाइली हाताने लिहिल्या. दोन्हींत वाय अक्षाचा एकूण प्रवास ४०० मिमी.

पहिलीत एकच मोठी फेरी: २०० मिमी पुढे, २०० मिमी मागे. जी९१ (आहे तिथून पुढचं अंतर मोजायचा हुकूम) लावून जी१ वाय२०० एफ६००, मग वाय-२००. डायल लावायची तर बेड सुरुवातीला टोकणीला टेकलेला असतो, लांब जातो आणि परत येऊन टेकतो. सुई शून्यावर आली.

दुसरीत तेवढाच प्रवास, पण २०० छोट्या फेऱ्यांत: वाय१, वाय-१, वाय१, वाय-१, अशा २०० जोड्या. इथे डायलची टोकणी पूर्ण वेळ बेडला टेकलेली ठेवता येते आणि सुई डोळ्यांदेखत चालताना दिसते. प्रत्येक फेरीला सुई पुढे जायची आणि मागे यायची, पण होती तिथे नाही, केसभर अलीकडे. पन्नास फेऱ्यांनंतर ०.३१. शंभरला ०.६३ च्या आसपास. दोनशे पूर्ण झाल्यावर १.२५.

१.२५ भागिले २०० म्हणजे फेरीला ०.००६२५ मिमी. गुणिले ३२०. उत्तर बरोबर २.

प्रत्येक फेरीत दोन मायक्रोस्टेप. कमी नाही, जास्त नाही. ढिला स्क्रू, तापलेला ड्रायव्हर किंवा विजेचा गोंधळ इतका शिस्तीत चुकत नाही. डायल अडकवलेली तशीच ठेवून मी काकांना हाक मारली आणि ती फाइल परत चालवून दाखवली. पुन्हा १.२५. पाटीवर मिळालेला दीड मिलिमीटर म्हणजे २४० फेऱ्या, आणि टूलपाथमध्ये वायची वळणं मोजली तर हिशोब तिथेच येत होता. नंतर एक्सवरही हीच चाचणी घेतली. तोही तेवढाच सरकत होता, फक्त शिरोरेषेच्या दिशेने सरकत असल्यामुळे डोळ्याला दिसला नव्हता.

तुमचा आकडा काढताना हीच पद्धत: सरकलेलं अंतर भागिले फेऱ्या, गुणिले मिलिमीटरला स्टेप. उत्तर १ किंवा २ च्या अगदी जवळ आलं, आणि दरवेळी तेच आलं, तर पुढचा भाग तुमचा. उत्तर दरवेळी वेगळं येत असेल तर वरची यादी पुन्हा वाचा.

दिशा आधी की पल्स आधी

स्टेपर ड्रायव्हरला दोन तारा महत्त्वाच्या. एक दिशेची, एक पल्सची. दिशेच्या तारेवरून कुठे जायचं ते कळतं आणि पल्स आली की ड्रायव्हर एक स्टेप टाकतो. यात अट एकच: पल्स येण्याच्या आधी दिशा ठरून स्थिर झालेली हवी. टीबी६६०० सारख्या ऑप्टोकपलरवाल्या ड्रायव्हरला त्यासाठी काही मायक्रोसेकंद लागतात. डीएम५४२ सारख्या त्याच जातीच्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात ५ मायक्रोसेकंद असा आकडा दिलेला असतो.

जीआरबीएल हे अंतर जवळजवळ ठेवतच नाही. उनोची चिप ८ बिटची, १६ मेगाहर्ट्झची. तिच्यातून सेकंदाला ३०,००० पर्यंत स्टेप काढायचे तर वेळ वाया घालवून चालत नाही. म्हणून तो दिशेची पिन बदलतो आणि मायक्रोसेकंदही पूर्ण व्हायच्या आत पल्सची पिन वर करतो. थेट जोडलेल्या ए४९८८ सारख्या छोट्या ड्रायव्हरला हे चालून जातं. ऑप्टोकपलर मध्ये आला की अडतं.

ऑप्टोकपलरच्या आत एक छोटा एलईडी आणि त्याचा उजेड बघणारा ट्रान्झिस्टर असतो. एलईडी लागला की ट्रान्झिस्टर चटकन जागा होतो, पण एलईडी विझल्यावर तो बंद व्हायला जास्त वेळ घेतो. आता माझं वायरिंग बघा. पल्स आणि दिशा दोन्हींची वजा टोकं जमिनीला (आर्डुइनोच्या जीएनडी पिनेला), अधिक टोकं आर्डुइनोच्या पिनांना. पिन वर गेली की एलईडी लागतो आणि त्याच चढत्या कडेला ड्रायव्हर स्टेप टाकतो. दिशेची पिन वर जात असते तेव्हा दिशा आणि पल्स दोन्हीकडचे एलईडी लागतात, दोन्हीकडे सारखाच उशीर, दिशा जेमतेम आधी पोचते आणि काम निभतं. पण दिशेची पिन खाली येते तेव्हा दिशेचा ऑप्टो रेंगाळतो आणि पल्सचा चटकन पोचतो. ड्रायव्हर अजून जुनीच दिशा धरून बसलेला असतो. पहिला स्टेप उलट्या बाजूला पडतो.

एक पुढे टाकायचा तो एक मागे टाकला, म्हणजे फरक दोनाचा. फेरीच्या एका वळणावर चूक, दुसऱ्यावर नाही, म्हणून ती भरून निघत नाही. एकाच बाजूला साठत राहते. दोन्ही वळणांवर सारखाच उशीर झाला असता तर एकीकडचे दोन दुसरीकडच्या दोनांनी फिटले असते आणि आपल्याला तो बारीकसा बॅकलॅश वाटला असता. वळणावर जीआरबीएल अक्षाचा वेग शून्यावर आणून मग पुन्हा सुरू करतो, त्यामुळे वेग आणि प्रवेग कितीही बदलले तरी या चुकीला काही फरक पडत नाही. माझे तीन आठवडे त्यातच गेले.

दुरुस्ती

काम एका ओळीचं. $२ हे सेटिंग पल्सची पिन उलटी करतं. एक्ससाठी १, वायसाठी २, झेडसाठी ४, तिन्ही हवे तर बेरीज ७. माझ्याकडे $२=० होतं, ते $२=७ केलं.

यामुळे पिन एरवी वर राहते, पल्सच्या वेळी खाली जाते आणि पल्स संपताना परत वर येते. ड्रायव्हर स्टेप टाकतो तो एलईडी लागताना, म्हणजे आता पल्सच्या शेवटी. पल्सची लांबी $० मध्ये असते, जीआरबीएलमध्ये मुळात १० मायक्रोसेकंद. म्हणजे दिशा बदलल्यावर स्टेप पडेपर्यंत दहा मायक्रोसेकंद मिळाले.

एवढ्याने सुई जागेवर आली, पण मी $० वाढवून २० केलं. कारण उलट्या पद्धतीत एलईडी विझलेला राहतो तो पल्सभरच, आणि ट्रान्झिस्टरला विझायला वेळ लागतो हे आपण पाहिलं. दहा मायक्रोसेकंदांत तो पूर्ण बंद झालाच नाही तर ड्रायव्हरला पल्स दिसणारच नाही. वाढवताना एक हिशोब ठेवा. माझा जास्तीत जास्त वेग ३००० मिमी प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला ५० मिमी, म्हणजे १६,००० स्टेप. दोन स्टेपमध्ये साडेबासष्ट मायक्रोसेकंद. त्यात २० ची पल्स आरामात बसते. तुम्ही १/३२ मायक्रोस्टेप लावला असेल तर याच स्क्रूवर मिलिमीटरला १२८० स्टेप होतात. मग ३०,००० ची मर्यादा मिनिटाला १४०० मिमीच्या आसपासच लागते आणि दोन पल्समध्ये जागाही उरत नाही. राउटरला १/८ पुरे आहे. त्याहून बारीक मायक्रोस्टेपने अचूकता वाढते हा समज सोडून द्या, मोटर थोडी गुळगुळीत चालते इतकंच.

वायरिंग उलटं असेल, म्हणजे अधिक टोकं ५ व्होल्टला आणि पिना वजा टोकांना, तर तुमच्यासाठी $२=० बरोबर असतं आणि ७ चुकीचं. कुणाच्या मशीनचा आकडा उचलून घालू नका. दोन्ही आकड्यांवर २०० फेऱ्यांची चाचणी घ्या आणि ज्यावर सुई परत येते तो ठेवा. $२ आणि $३ यांत गल्लत करू नका, $३ अक्षाची दिशा उलटवतं.

दोन्ही आकड्यांवर सुई सरकतच असेल तर जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये दिशा आणि पल्स यांच्यात मुद्दाम विलंब घालायची एक ओळ आहे. ती बंद करून ठेवलेली असते. तिच्या पुढच्या दोन तिरप्या रेघा काढायच्या, आकडा १० ठेवायचा आणि प्रोग्राम पुन्हा आर्डुइनोत भरायचा. विलंब ३ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त हवा, आणि विलंब अधिक पल्स मिळून १२७ च्या वर जाता कामा नये. भरण्याआधी सगळी $ सेटिंगं वहीत उतरवून ठेवा.

३.३ व्होल्टच्या बोर्डावरून टीबी६६०० चालवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. ऑप्टोचा एलईडी ५ व्होल्टच्या हिशोबाने बसवलेला असतो, ३.३ वर तो मिणमिणतो आणि अधूनमधून स्टेप गळतात. ही चूक शिस्तीत नसते, आकडा दरवेळी बदलतो. मध्ये ७४एचसीटी२४५ सारखी चिप घालून सिग्नल ५ व्होल्टला न्या.

तारा हलवायच्या आधी एसएमपीएस बंद करा, प्रत्येक वेळी. चालू ड्रायव्हरची मोटरची तार निघाली तर ड्रायव्हर जागेवर जळू शकतो.

स्पिंडल सुरू झाला की

ज्यांचं शून्य हवेत चालवताना जागेवर राहतं आणि स्पिंडल सुरू केला की सरकतं, त्यांनी $२ शी खेळू नये. तिथे तारांचा प्रश्न आहे. व्हीएफडीपासून (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या डब्यापासून) स्पिंडलकडे जाणारी केबल शिल्ड असलेली हवी आणि तिचं शिल्ड व्हीएफडीच्या बाजूला अर्थला जोडलेलं हवं. ती केबल स्टेपरच्या आणि लिमिट स्विचच्या (अक्षाचं टोक आलं हे कळवणाऱ्या स्विचच्या) तारांबरोबर एकाच केबल चेनमधून नेऊ नका. न्यावीच लागली तर लिमिटच्या तारा शिल्डेड घ्या आणि आर्डुइनोच्या पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीशी लावा. कोळशाच्या ब्रशवाला साधा ट्रिमर स्पिंडल म्हणून लावला असेल तर ब्रशच्या ठिणग्यांचाही तसाच त्रास होतो.

याच्या आधी घरातलं अर्थिंग तपासा. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि वरच्या मोठ्या भोकात तारच नसते. मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास येतात का बघा, आणि न्यूट्रल ते अर्थ जवळजवळ शून्य. येत नसेल तर वायरमन बोलवा, राउटर त्यानंतर. धूळ ओढणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत कोरड्या हवेत स्थिर वीज साठते, तिने यूएसबी तुटल्याचं मी दोनदा पाहिलं. नळीतून एक उघडी तांब्याची तार नेऊन अर्थला जोडल्यावर ते थांबलं.

झेडचं शून्य वेगळं बघा

झेड खाली खाली जातोय अशी तक्रार असेल तर मोटरकडे बघण्याआधी कोलेटकडे (बिट धरणाऱ्या चिमट्याकडे) बघा. वर भुसा फेकणारा बिट स्वतःला खाली ओढत असतो. कोलेट नीट धरत नसेल तर तो हळूहळू बाहेर येतो आणि खोली वाढत जाते. मार्करने बिटवर कोलेटच्या तोंडाशी रेघ मारा, काम झाल्यावर रेघ कुठे आहे ते बघा. ईआर११ कोलेट आधी नटमध्ये टक आवाज येईपर्यंत बसवायचा आणि मग नट स्पिंडलवर चढवायचा. सुटा कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर तो तिरका बसतो. आतला भुसा आणि राळ प्रत्येक वेळी पुसून काढा, सागवानाचा तेलकट भुसा तर नक्कीच.

बिट जागेवर असेल आणि थांबल्यावर स्पिंडल आपल्या वजनाने उतरत असेल तर $१ बघा. मुळात ते २५ असतं, म्हणजे हालचाल संपल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटरची पकड सुटते. $१=२५५ केलं की पकड कायम राहते. मोटर थोडी गरम राहील.

नवीन सेटिंगवर २०० फेऱ्यांची फाइल वायवर चालवली, सुई शून्यावर. एक्सवर चालवली, शून्यावर. १००० फेऱ्यांची केली, तीही शून्यावर. मग उरलेल्या सागवानाच्या फळीवर तेच पाच अक्षरी आडनाव घेतलं, काकाही येऊन उभे राहिले. पाचवं अक्षर झाल्यावर स्पिंडल थांबवला, भुसा झटकला आणि शिरोरेषेवरून नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलं. ते कुठेच अडकलं नाही. ती २०० फेऱ्यांची फाइल आता पेनड्राइव्हवर कायम आहे, आणि पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: $०=२०, $१=२५५, $२=७, तिन्ही अक्षांना ३२०. खाली तारीख आणि कोणती तार कुठल्या टोकाला जोडली आहे ते.